गाठीमागचा आजार : जन्मजात दुबळी प्रतिकारशक्ती, एक सामान्य विषाणू आणि मुलांमधील लिम्फोमा

नवी दिल्ली : लहान मुलाच्या मानेत गाठ आली, ताप उतरेना आणि वजन घटू लागले की आपल्याकडे पहिला संशय क्षयरोगाचा येतो. भारतातील क्षयरोगाचे प्रमाण पाहता तो संशय रास्त असतो आणि पुष्कळदा खराही ठरतो. काही मुलांमध्ये मात्र गाठीच्या तपासणीतून लिम्फोमाचे, म्हणजेच लसीकापेशींच्या कर्करोगाचे निदान होते. त्यांपैकी मोजक्या मुलांमध्ये या कर्करोगाच्याही मागे आणखी एक आजार दडलेला असतो. त्यांची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच अधू असते आणि जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे वास्तव्य करणारा एक विषाणू त्यांच्या बाबतीत कर्करोगाचे कारण बनतो.

हा मूळ आजार वेळीच ओळखला गेला की नाही, यावर तीन गोष्टी ठरतात. मुलाला कोणती औषधे किती मात्रेत द्यायची, अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणासाठी दाता कोण असावा आणि त्याच घरात जन्माला येणाऱ्या पुढच्या बाळाचे रक्षण कसे करायचे. म्हणूनच लिम्फोमाचे निदान झालेल्या काही मुलांच्या बाबतीत ‘हा कर्करोग कोणता’ या प्रश्नाइतकाच ‘तो याच मुलाला का झाला’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

विषाणू कोणता?

या विषाणूचे नाव एपस्टाईन-बार. वैद्यकीय व्यवहारात तो ‘ईबीव्ही’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. नागीण आणि कांजिण्यांच्या विषाणूंच्याच कुळातला हा विषाणू प्रामुख्याने लाळेतून पसरतो. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना त्याचा संसर्ग केव्हा ना केव्हा होऊन गेलेला असतो. आपल्याकडे बहुतेकांना तो बालपणीच होतो आणि साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो किंवा जाणवतही नाही. पौगंडावस्थेत पहिल्यांदा संसर्ग झाल्यास ताप, घसादुखी आणि मानेतील गाठी अशी लक्षणे काही आठवडे टिकतात; पण बहुसंख्य मुले कोणत्याही विशेष औषधाविना बरी होतात.

या विषाणूच्या शोधाचा इतिहास कर्करोगाशीच जोडलेला आहे. युगांडातील कंपाला येथे काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी आफ्रिकी मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी दिलेले व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाईन यांना या गाठींमागे विषाणू असावा असे वाटले. कंपालाहून विमानाने येणाऱ्या गाठींच्या नमुन्यांवर त्यांनी काम सुरू केले आणि १९६४ मध्ये एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या नव्या विषाणूची माहिती जगापुढे ठेवली. मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला हा पहिला विषाणू होय.

मग प्रश्न उरला तो असा की, जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात असलेला विषाणू इतक्या थोड्या जणांनाच कर्करोग कसा देतो? याचे उत्तर विषाणूपेक्षा शरीराच्या पहाऱ्यात अधिक आहे.

पहारा कसा चालतो, कुठे मोडतो?

रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. ईबीव्ही याच पेशींमध्ये शिरतो, त्यांना वेगाने विभाजित होण्यास भाग पाडतो आणि नंतर त्यांच्यातच आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो. अशा संक्रमित बी पेशी वाढू लागल्या की टी पेशी आणि ‘नैसर्गिक मारक पेशी’ त्यांना हेरून नष्ट करतात. निरोगी माणसात ही झटापट संपत नाही. ती त्याच्या नकळत आयुष्यभर चालू राहते. विषाणू नाहीसा होत नाही, परंतु त्याला डोके वर काढता येत नाही.

बी पेशींचे हे महत्त्व एका वेगळ्याच आजारातून स्पष्ट झाले. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ऑग्डन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या जन्मजात आजारात मुलांच्या रक्तात बी पेशी जवळपास नसतातच. या मुलांना जिवाणूंचे गंभीर संसर्ग होतात, पण ईबीव्ही त्यांच्या शरीरात ठाण मांडू शकत नाही. त्याला राहायला घरच मिळत नाही. याउलट ज्यांच्याकडे बी पेशी आहेत, पण त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या टी पेशी किंवा मारक पेशी निकामी आहेत, त्यांना खरा धोका असतो.

हा पहारा निरनिराळ्या कारणांनी ढासळू शकतो. आफ्रिकेतील बर्किट लिम्फोमाच्या पट्ट्यात वारंवार होणारा मलेरिया त्याला कारणीभूत ठरतो, असे मानले जाते. एचआयव्हीचा संसर्ग आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिली जाणारी औषधे हीदेखील ज्ञात कारणे आहेत. लहान मुलांच्या एका छोट्या गटात मात्र हे कारण जनुकांमध्ये, जन्मतःच लिहिलेले असते.

अशा जन्मजात प्रतिकारशक्ती-विकारांची संख्या आता ५०० च्या पुढे गेली आहे. त्या सर्वांत लिम्फोमाचा धोका सारखा नसतो. ईबीव्हीच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासलेला विकार म्हणजे एक्स गुणसूत्राशी निगडित लसीकापेशी-वृद्धीचा आजार. त्याला ‘एक्सएलपी’ म्हणतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डेव्हिड पर्टिलो यांनी १९७५ मध्ये एकाच कुटुंबातील अनेक मुलगे अशा आजाराने दगावल्याचे नोंदवले. १९९८ मध्ये त्यामागील जनुक सापडले. टी पेशी आणि मारक पेशींना संक्रमित बी पेशी ओळखून मारण्यासाठी ‘सॅप’ नावाचे एक छोटे प्रथिन लागते. या मुलांत तेच नसते किंवा सदोष असते. इतर अनेक विषाणूंशी ही मुले बऱ्यापैकी झुंजतात. त्यामुळे ईबीव्हीची गाठ पडेपर्यंत मुलगा अगदी सुदृढ दिसू शकतो.

विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम या दुसऱ्या आजारात मुलाच्या अंगावर इसब असतो, बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी आणि आकाराने लहान असल्याने रक्तस्राव होतो आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियामध्ये चालताना तोल जाणे आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसणे ही चिन्हे असतात. या दोन्हींत लिम्फोमाचा धोका वाढलेला असतो. सीडी२७, सीडी७० आणि आयटीके या प्रथिनांची जन्मजात उणीव असलेल्या मुलांत ईबीव्ही-संबंधित लिम्फोमा आढळतात, हे गेल्या दीड-दोन दशकांतील संशोधनाने दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्त-कर्करोग वर्गीकरणाच्या २०२२ मध्ये पुढे आलेल्या पाचव्या आवृत्तीत प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांशी निगडित लसीकापेशी-वृद्धी आणि लिम्फोमा यांना स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे.

डेव्हिड व्हेटरचा मृत्यू काय शिकवून गेला?

या विषयाची जगाला पहिली मोठी जाणीव झाली ती ‘बुडबुड्यातला मुलगा’ म्हणून वृत्तपत्रांतून गाजलेल्या डेव्हिड व्हेटरमुळे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे २१ सप्टेंबर १९७१ रोजी जन्मलेल्या या मुलाला तीव्र संयुक्त प्रतिकारशक्ती-न्यूनता होती. त्याचा मोठा भाऊ याच आजाराने तान्हेपणी दगावला होता. डेव्हिडला जन्मल्याबरोबर निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवण्यात आले आणि तो तिथेच वाढला. अस्थिमज्जा पूर्णपणे जुळणारा दाता कुटुंबात नव्हता. अखेर ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याच्या बहिणीची अंशतः जुळणारी अस्थिमज्जा त्याला देण्यात आली.

बहीण निरोगी होती. मात्र तिच्या अस्थिमज्जेत सुप्त ईबीव्ही होता. तिच्या शरीराने सहज आवरून ठेवलेला हा विषाणू भावाच्या शरीरात पोहोचल्यावर त्याला अडवणारे कोणीच नव्हते. २२ फेब्रुवारी १९८४ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी डेव्हिडचे निधन झाले. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात ठिकठिकाणी ईबीव्हीमुळे झालेल्या बी पेशींच्या गाठी आढळल्या. एखादा विषाणू माणसात थेट कर्करोग घडवू शकतो, याचा तो अत्यंत ठळक पुरावा ठरला. आज प्रत्यारोपणानंतर अशा मुलांच्या रक्तातील ईबीव्हीचे प्रमाण नियमितपणे मोजले जाते आणि ते वाढू लागताच, गाठ दिसण्याची वाट न पाहता उपचार सुरू होतात. ज्या ज्ञानाअभावी डेव्हिड दगावला, ते आज रुग्णालयांच्या नित्याच्या पद्धतीचा भाग झाले आहे.

दिल्लीतील खोकला आणि हरवलेला दुवा

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील रुग्णालयांत उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान, बिहार आणि इतरही राज्यांतील आजारी मुले येतात. अन्सारीनगर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय, कलावती सरन बाल रुग्णालय, गीता कॉलनीतील चाचा नेहरू बाल चिकित्सालय, नोएडातील बालआरोग्याची स्नातकोत्तर संस्था, झज्जर येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि गुरुग्राममधील खासगी प्रत्यारोपण केंद्रे अशी मोठी साखळी या परिसरात आहे. राजधानी क्षेत्राच्या बाहेर, परंतु रस्त्याने काही तासांच्या अंतरावर असलेल्या चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेचा बाल प्रतिकारशास्त्र विभागही देशात नावाजलेला आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या विकारांच्या निदानासाठी ओळखली जाते.

तज्ज्ञता उपलब्ध असूनही दुवा निसटण्याची कारणे अनेक आहेत. दिल्लीत हिवाळा सुरू होताच हवा विषारी होते आणि घरोघरी मुले खोकू लागतात. सतत खोकणाऱ्या मुलाचे दुखणे प्रदूषणावर ढकलणे त्यामुळे सोपे जाते. प्रदूषणाने येणारा खोकला मात्र ऋतू पालटला की बहुधा कमी होतो आणि मुलाची वाढ साधारणपणे खुंटत नाही. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया होणे, तोंडातील बुरशीचा पांढरा थर वारंवार येणे, त्वचेखाली किंवा यकृतासारख्या अवयवात पू साठणे, दोन महिने प्रतिजैविके देऊनही फारसा गुण न येणे, शिरेतून औषधे दिल्याशिवाय संसर्ग आटोक्यात न येणे आणि वजन न वाढणे या गोष्टी निव्वळ हवेच्या माथी मारता येत नाहीत. त्या प्रतिकारशक्तीच्या तपासणीची मागणी करणाऱ्या खुणा आहेत.

दुसरे कारण कुटुंबाच्या इतिहासाशी संबंधित आहे. एक्सएलपी आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच हे आजार एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडून मुलाकडे येतात. आई स्वतः निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला तो दोष वाहून नेण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून मुलाच्या आजोळची माहिती निर्णायक ठरते. एखादा मामा लहानपणी ‘तापाने’ गेला होता का, मावशीचा मुलगा ‘काविळीने’ किंवा ‘रक्ताच्या आजाराने’ दगावला होता का, हे विचारले गेले पाहिजे. अशा मृत्यूंचे नेमके कारण घरात क्वचितच ठाऊक असते. पण दोन-तीन मुलगे एकाच बाजूने गेले, एवढी आठवणही डॉक्टरांना दिशा देते.

काही प्रतिकारशक्ती-विकार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतात. नात्यातील विवाहांत याची शक्यता वाढते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे. अशा घरात मूल वारंवार गंभीर आजारी पडत असेल तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

निदान करताना काय जपायचे?

लिम्फोमाचा संशय असलेल्या गाठीसाठी केवळ सुईने घेतलेल्या पेशी बहुधा पुरत नाहीत. गाठीचा मोठा तुकडा किंवा शक्य असल्यास संपूर्ण गाठ काढून तपासावी लागते. हा नमुना घेण्यापूर्वी स्टेरॉइड सुरू केले तर गाठ तात्पुरती ओसरते आणि निदान धूसर होते. क्षयरोगाच्या उपचारादरम्यानही गाठी काही काळ वाढू शकतात, त्यामुळे प्रत्येक वाढती गाठ म्हणजे लिम्फोमा असे नाही. तथापि क्षयरोगाचे जंतू सापडलेले नसताना केवळ अंदाजाने उपचार चालू असतील आणि मूल खंगत असेल, तर गाठीची फेरतपासणी लांबणीवर टाकता कामा नये.

गाठीत ईबीव्ही आहे की नाही, हे विकृतिशास्त्रज्ञ ‘ईबर’ नावाच्या चाचणीने पाहतात. तीत विषाणूने संक्रमित पेशी थेट ओळखता येतात. रक्तातील विषाणूचे प्रमाण पीसीआर पद्धतीने मोजले जाते. या मुलांच्या बाबतीत ईबीव्हीविरोधी प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबून राहणे मात्र धोक्याचे असते. ज्याचे शरीर प्रतिपिंडेच तयार करत नाही, त्याची चाचणी संसर्ग असूनही नकारात्मक येते. आणि ज्याला बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन दिले आहे, त्याच्या रक्तात दात्यांची प्रतिपिंडे दिसतात.

याच कारणाने नमुने घेण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. इम्युनोग्लोब्युलिन, रक्त किंवा बी पेशींवर मारा करणारे औषध देण्यापूर्वी प्रतिकारशक्तीच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवले, तर नंतरचा मोठा गोंधळ टळतो. त्या रक्तातून प्रतिपिंडांची पातळी मोजता येते, फ्लो सायटोमेट्रीने टी, बी आणि मारक पेशींची गणना करता येते आणि सॅपसारखे प्रथिन आहे की नाही हे पाहता येते. जनुकीय तपासणीचा निष्कर्ष येण्यास काही आठवडे लागू शकतात; फ्लो सायटोमेट्री त्याआधीच दिशा दाखवते.

काही मुलांत ईबीव्हीमुळे लिम्फोमाऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, शरीराची दाहप्रक्रिया बेलगाम होते. सतत ताप, मोठी झालेली प्लीहा, घसरत जाणाऱ्या रक्तपेशी आणि अतिशय वाढलेले फेरिटिन ही तिची लक्षणे आहेत. ‘एचएलएच’ या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था काही दिवसांत जीवघेणी ठरू शकते. डेंग्यू किंवा विषमज्वर समजून चाललेल्या उपचारांत मूल खालावत असेल, तर या शक्यतेचा विचार तातडीने व्हावा लागतो.

उपचार वेगळे का असतात?

अन्य दृष्टीने निरोगी असलेल्या मुलाचा लिम्फोमा केमोथेरपीने बरा होण्याची शक्यता आज चांगली आहे. प्रतिकारशक्तीच मुळात दुबळी असलेल्या मुलाला मात्र तीच औषधे त्याच मात्रेत दिल्यास कर्करोगाआधी जंतुसंसर्गच त्याचा घात करू शकतो. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया असलेल्या मुलांच्या पेशी किरणोत्सर्गाने झालेली हानी दुरुस्त करू शकत नाहीत. त्यांच्यासाठी रेडिओथेरपी आणि काही औषधे विशेष घातक असतात आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅनही गरजेपुरताच करायचा असतो. मूळ आजार ठाऊक नसेल तर ही काळजी घेतलीच जात नाही.

ईबीव्हीने वाढलेल्या पेशींचा प्रत्येक पुंजका पूर्ण विकसित कर्करोग नसतो. नाना प्रकारच्या बी पेशींच्या अनियंत्रित वाढीपासून एकाच पेशीपासून निपजलेल्या लिम्फोमापर्यंत ही एक चढती मालिका असते. सुरुवातीच्या टप्प्यावर रिटुक्सिमॅब हे औषध प्रभावी ठरू शकते. बी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी२० या खुणेला चिकटून ते त्या पेशी नष्ट करते, म्हणजे विषाणूचे घरच मोडते. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या या औषधाची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये बाजारात आली आणि त्यामुळे ते अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले. या औषधानंतर निरोगी बी पेशीही कित्येक महिने कमी राहतात. म्हणून ठरावीक अंतराने इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते.

नागिणीवर चालणारे विषाणुरोधक औषध इथे का देत नाहीत, असा प्रश्न पालकांना पडतो. ही औषधे वेगाने स्वतःच्या प्रती काढणाऱ्या विषाणूवर काम करतात. गाठीच्या पेशींमधला ईबीव्ही बहुतांशी सुप्त असतो, त्यामुळे ती निष्प्रभ ठरतात. ईबीव्हीविरुद्ध वापरासाठी मान्य झालेली लसही अद्याप नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे ईबीव्हीला ओळखणाऱ्या निरोगी टी पेशी बाहेरून देणे. १९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दात्याच्या अशा पेशी वाढवून प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवर त्यांचा उपयोग दाखवून दिला. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने प्रत्यारोपणोत्तर ईबीव्ही-आजारासाठी अशा तयार पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. भारतातील बहुसंख्य कुटुंबांसाठी हा उपचार अजून दूर आहे.

लिम्फोमा आटोक्यात आला तरी जनुकातील दोष कायम राहतो, त्यामुळे तो किंवा त्यासारखा दुसरा आजार पुन्हा उद्भवू शकतो. एक्सएलपी, विस्कॉट-ऑल्ड्रिच आणि तत्सम अनेक विकारांत कायमचा उपाय म्हणजे निरोगी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण बोनमॅरो प्रत्यारोपण म्हणतो. जन्मजात प्रतिकारशक्ती-विकारांवरील पहिली यशस्वी प्रत्यारोपणे १९६८ मध्ये अमेरिकेत झाली; भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. पूर्ण जुळणारे भावंड नसल्यास आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मूलपेशीही वापरता येतात आणि राजधानी क्षेत्रातील काही केंद्रांत अशी प्रत्यारोपणे होतात.

दाता निवडताना एक सापळा असतो. अस्थिमज्जा शंभर टक्के जुळणारा सख्खा भाऊ दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्यातही तोच जनुकदोष असू शकतो. फक्त विषाणूने त्याला अजून गाठलेले नसते. त्याच्या मूलपेशी दिल्यास आजाराचेच पुनरारोपण होते. म्हणून दात्याची जनुकीय तपासणी टाळता येत नाही. ज्या मुलाच्या लिम्फोमामागील कारण शोधलेच गेले नाही, त्याच्या बाबतीत ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पुढच्या बाळासाठी

जनुकातील नेमका दोष सापडला की कुटुंबातील इतरांची तपासणी शक्य होते. लक्षणे नसलेल्या धाकट्या भावात तो आढळला, तर लिम्फोमा किंवा एचएलएच होण्यापूर्वीच प्रत्यारोपणाचा विचार करता येतो आणि तेव्हा यशाची शक्यता अधिक असते. गर्भधारणेच्या सुमारे ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश तपासून गर्भाला आजार आहे का, हे समजू शकते. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांच्या प्रसूतिपूर्व निदानाला नोंदणीकृत केंद्रांत परवानगी आहे, ही बाब अनेक पालकांना माहीत नसते. त्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

ज्या घरात एखादे मूल तान्हेपणी संशयास्पद संसर्गाने दगावले आहे, तेथे नवजात बाळाला बीसीजी, तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस आणि रोटाव्हायरस यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना कुटुंबाचा इतिहास सांगावा. तीव्र न्यूनता असलेल्या बाळात बीसीजीतील जंतूच शरीरभर पसरू शकतात. अशा बाळाला रक्त द्यावे लागल्यास ते किरणोत्सर्ग-प्रक्रिया केलेले असावे लागते. ही सावधगिरी केवळ अशा कुटुंबांपुरती आहे. इतर सर्व मुलांचे लसीकरण वेळापत्रकानुसारच झाले पाहिजे. ते टाळण्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये तीव्र संयुक्त न्यूनतेसाठी सर्व नवजात बाळांची रक्तचाचणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती तेथील सर्व राज्यांत लागू झाली. भारतात अशी देशव्यापी तपासणी अद्याप नाही. शिवाय ही चाचणी एक्सएलपीसारखे आजार पकडत नाही, कारण त्यांत जन्मतः टी पेशींची संख्या पुरेशी असते. म्हणून कुटुंबाचा इतिहास आणि चाणाक्ष डॉक्टर यांना तूर्त पर्याय नाही.

खर्चाचा डोंगर आणि उपलब्ध आधार

प्रत्यारोपणाचा खर्च अनेक लाखांत जातो आणि त्याखेरीज परगावी महिनोन्‌महिने राहण्याचा भार असतो. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाच्या पहिल्या गटात प्रत्यारोपणाने बरे होऊ शकणाऱ्या प्रतिकारशक्ती-विकारांचा समावेश असून, तीव्र संयुक्त न्यूनता आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच यांचा त्यात उल्लेख आहे. या धोरणाखालील मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्यासाठी रुग्णाची नोंद मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रात व्हावी लागते. दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय, तर मुंबईत केईएम रुग्णालय अशा केंद्रांत मोडतात. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. दिल्ली एप्रिल २०२५ मध्ये या योजनेत सामील झाली.

येथेही अडसर निदानाचाच आहे. कागदावर केवळ ‘लिम्फोमा’ लिहिलेल्या मुलाला दुर्मीळ आजाराच्या मदतीसाठी अर्ज करता येत नाही. मूळ विकाराचे नाव नोंदले गेले, तरच ते दार उघडते.

जगभर दरवर्षी २२ ते २९ एप्रिल हा प्राथमिक प्रतिकारशक्ती-न्यूनतेविषयी जागृतीचा सप्ताह म्हणून पाळला जातो. ईबीव्हीचा संसर्ग ही घाबरण्याची गोष्ट नाही आणि मानेतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. लिम्फोमा एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे अशा मुलाला भावंडांपासून किंवा शेजाऱ्यांपासून तोडण्याचेही कारण नाही; जपायचे असते ते त्याला इतरांच्या संसर्गापासून. पण मुलाला लिम्फोमा झाला असेल आणि त्याआधी तो वारंवार गंभीर आजारी पडलेला असेल, गाठीत ईबीव्ही सापडला असेल किंवा आजोळी मुलगे लहानपणी दगावले असतील, तर केमोथेरपीची पहिली बाटली लावण्याआधी पालकांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे : याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी झाली आहे का? काही मिलिलिटर रक्ताने होणारी ती तपासणी त्या मुलाच्या उपचारांची दिशा बदलू शकते आणि घरात खेळत असलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा जीवही वाचवू शकते.